महाराष्ट्राच्या कातळातली जुनी जीवसृष्टी: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी शाळेत भूगोल शिकवते आणि सुट्टी मिळाली की विदर्भातले दगड बघत फिरते, त्यामुळे दर आठवड्याला कुणाचा ना कुणाचा फोटो येतोच, "मॅडम हे डायनासोरचं अंडं आहे का?" आणि त्याच्या मागोमाग बाकीचे प्रश्न. ते बहुतेक तेच तेच असतात म्हणून सगळे एका जागी लिहून काढलेत. सोप्यापासून सुरुवात केलीय, गुंतागुंतीचे पुढे आहेत, आणि एकाच गोष्टीचं उत्तर दोनदा द्यायला नको म्हणून मधे मधे दुसऱ्या प्रश्नाचा नंबर दिलाय.

१. महाराष्ट्रात खरंच डायनासोर होते का? की ते सगळं अमेरिका आणि चीनमधलं?

होते, आणि एकदा नाही, दोन वेगवेगळ्या काळात होते.

पहिला काळ साधारण १८ कोटी वर्षांपूर्वीचा. गडचिरोलीच्या सिरोंचा तालुक्यात वडधम नावाचं गाव आहे, तिथे दगड झालेली झाडांची खोडं आणि डायनासोरची हाडं मिळालीत. नदीच्या पलीकडे तेलंगणातही त्याच वयाचे थर आहेत आणि तिथे बारापासॉरस हा लांब मानेचा, साधारण १४ मीटर लांबीचा प्राणी मिळाला. त्याचं पूर्ण नाव बारापासॉरस टागोराय, "बडा पा" म्हणजे मोठा पाय आणि टागोर यासाठी की रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीच्या सुमारास, १९६१ च्या आसपास तो खणून काढला गेला.

दुसरा काळ डायनासोरांच्या अगदी शेवटचा, साधारण पावणेसात कोटी वर्षांपूर्वीचा. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याच्या बाजूला डोंगरगाव आणि पिसदुरा ही दोन गावं आहेत. डोंगरगावच्या टेकडीत इसिसॉरस मिळाला, १९९७ साली त्याचं वर्णन छापून आलं. नावातलं "इसि" म्हणजे कोलकात्याची इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट, त्यांच्या लोकांनी तो काढला. म्हणजे जगातल्या डायनासोरांच्या यादीत एक नाव अस्सल चंद्रपूरचं आहे, आणि चंद्रपूरच्याच कितीतरी मुलांना ते माहीत नाही याचं मला फार वाईट वाटतं.

आणि मागे जायचं तर आशियातली डायनासोरची पहिली हाडं १८२८ साली जबलपूरला मिळाली, ठगांचा बंदोबस्त करणारा तोच स्लीमन, त्याला. तेव्हा "डायनासोर" हा शब्दसुद्धा तयार झाला नव्हता, तो आला १८४२ मधे.

२. मग आमच्याकडे पुणे, सातारा, नाशिकला काहीच का सापडत नाही?

कारण तुमच्या पायाखाली लाव्हा आहे. जवळजवळ पूर्ण पश्चिम महाराष्ट्र, मराठवाडा, खानदेश, विदर्भाचा बराचसा भाग हे सगळं ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या आसपास वाहून आलेल्या लाव्ह्याच्या थरांनी झाकलेलं आहे. आज उरलेलं क्षेत्र सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर आहे आणि सह्याद्रीच्या बाजूला जाडी दोन किलोमीटरच्या वर जाते. कळसूबाई १६४६ मीटर, ती सगळीच्या सगळी याच लाव्ह्याची.

आता जीवाश्म कसा बनतो ते बघा. प्राणी मेला, गाळात पटकन पुरला गेला, हवा लागली नाही, हळूहळू हाडातल्या पोकळ्यांत खनिजं भरली, तेव्हा कुठे दगड. हजार-अकराशे अंशाच्या लाव्ह्यात हाड सापडलं तर जळूनच जाणार. त्यामुळे काळ्या बेसॉल्टमधे, म्हणजे लाव्हा थंड होऊन झालेल्या दगडात, हाड शोधत बसू नका. लाव्ह्याच्या खाली जुनी जमीन आहेच, पण ती बघायला दीड-दोन किलोमीटर खाली जावं लागेल.

पूर्वेकडे ही चादर पातळ होत जाते आणि संपते. नागपूर शहर बरोबर तिच्या काठावर बसलंय, सीताबर्डीचा किल्ला लाव्ह्यावर आणि पूर्वेला गेलात की वेगळे, कितीतरी जुने दगड. म्हणून चादरीखालचं जग विदर्भात उघडं पडतं आणि पुण्यात पडत नाही. पण पुणेकरांनी लगेच निराश होऊ नये, प्रश्न ५ आणि ६ वाचा.

३. ६.६ कोटी वर्षं म्हणजे नेमकं किती? डोक्यात बसत नाही.

मी मुलांना समृद्धी महामार्ग देते. नागपूरपासून मुंबईच्या टोकापर्यंत ७०१ किलोमीटर. नागपूरला पृथ्वी तयार झाली असं धरा, ४५४ कोटी वर्षांपूर्वी, आणि दुसऱ्या टोकाला आजचा दिवस. म्हणजे एक किलोमीटर झाला साधारण ६५ लाख वर्षांचा.

गाडी निघाली. पहिले दीडशे किलोमीटर जीवनाचा एकही पक्का पुरावा नाही. मग साधारण १६० किलोमीटरला सूक्ष्मजीवांनी बनवलेले थर दिसायला लागतात, ३५० कोटी वर्षांपूर्वीचे. अर्ध्या वाटेच्या जरा आधी हवेत ऑक्सिजन साठायला लागतो, २४० कोटी वर्षांपूर्वी, तोही त्या सूक्ष्मजीवांनीच सोडलेला. आणि तरीही रस्त्याच्या कडेला डोळ्यांनी दिसेल असा प्राणी नाही, जालना गेलं, संभाजीनगर गेलं, नुसते शेवाळासारखे थर. इगतपुरीच्या थोडं अलीकडे, शेवटच्या ८३ किलोमीटरमधे, कवचवाले, पायवाले, डोळेवाले प्राणी एकदम गर्दी करतात. पस्तीस किलोमीटर उरले की डायनासोर येतात, दहा किलोमीटर उरले की जातात. आपली माणसाची जात, ३ लाख वर्षं, शेवटचे ४६ मीटर, म्हणजे टोलनाक्यावर एकामागे एक उभे असलेले तीन ट्रेलर. लिहिलेला इतिहास पाच हजार वर्षांचा धरला तर पाऊण मीटर, एक पाऊल.

४. ही वयं कार्बन डेटिंगने काढतात ना?

नाही. हा गैरसमज सगळ्यात जास्त आहे, शिक्षकांमधेसुद्धा. किरणोत्सारी कार्बन ५७३० वर्षांत निम्मा होतो, त्यामुळे ५० हजार वर्षांच्या पलीकडे मोजण्याइतका तो उरतच नाही. डायनासोरच्या हाडाला कार्बन डेटिंग लावणं म्हणजे सोनाराच्या काट्यावर ट्रक चढवणं.

कोट्यवधी वर्षांसाठी हळू बदलणारी मूलद्रव्यं लागतात, युरेनियमचं शिसं होतं ते, किंवा पोटॅशियमचा आरगॉन होतो ते. आणि बहुतेक वेळा हाडाचं वय थेट काढत नाहीत, त्याच्या वर आणि खाली जो ज्वालामुखीचा थर आहे त्याचं काढतात. वरचा थर ६.६ कोटींचा असेल तर खालचं हाड त्याच्यापेक्षा जुनं, एवढं साधं. या बाबतीत आपला दगड फार सोयीचा आहे कारण इथे थरावर थर रचूनच ठेवलेत.

५. एवढा लाव्हा आला कुठून? एकच मोठा डोंगर फुटला का, आणि सगळा एकदम आला का?

शंकूसारखा डोंगर आणि त्याच्या तोंडातून धूर असं चित्र डोक्यातून काढून टाका. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यातून पातळ लाव्हा दूधासारखा उतू जाऊन शेकडो किलोमीटर पसरला. तेव्हा भारत आजच्या जागी नव्हता, हिंदी महासागरात बराच खाली दक्षिणेला होता आणि उत्तरेला सरकता सरकता एका तप्त ठिकाणावरून जात होता, ते ठिकाण आजही रियुनियन बेटाखाली जागं आहे.

एकदम मात्र आला नाही. बहुतेक लाव्हा साधारण दहा लाख वर्षांच्या आत बाहेर पडला पण त्यातही टप्पे होते, एक थर आला, थंड झाला, मग हजारो वर्षं शांतता, त्याच्यावर पाऊस, माती, झाडं, मग पुन्हा दुसरा थर. याची खूण तुम्ही शंभर वेळा बघितली असेल. घाटातून जाताना काळ्या दगडाच्या दोन थरांमधे एक वीट रंगाचा लाल पट्टा दिसतो ना, तो. खालच्या लाव्ह्याचा वरचा भाग कुजून झालेली ती माती आहे, वरून पुढचा लाव्हा आला आणि ती भाजून निघाली. त्या पट्ट्याच्या जाडीत शांततेचा काळ आहे. मी तरी प्रत्येक वेळी गाडीतल्या माणसांना तो दाखवते.

सह्याद्रीचे कडे पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात तेही यामुळेच. या लाव्ह्याच्या थरांना "डेक्कन ट्रॅप" म्हणतात, त्यातला ट्रॅप हा शब्द सापळ्याचा नाही, स्वीडिश भाषेतल्या पायरीवरून आलेला आहे.

६. मग दोन थरांच्या मधे, त्या शांत काळात, काही जगत होतं का?

हाच माझा सगळ्यात आवडता प्रश्न, आणि फार कमी लोक विचारतात. बाकी सगळे डायनासोर विचारतात.

हो, भरपूर जगत होतं. लाव्हा आला की ओढे-नाले अडायचे, त्यांची तळी व्हायची, तळ्यात गाळ साठायचा, आणि पुढचा लाव्हा येऊन झाकण लावायचा. ज्वालामुखीच्या भागातल्या पाण्यात सिलिका खूप, ती झाडांच्या पेशीपेशीत शिरली, त्यामुळे काही ठिकाणी फळं, बिया, खोडं इतकी जशीच्या तशी राहिलीत की दगडाचा पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला तर पेशी मोजता येतात. छिंदवाड्याचं मोहगाव कलान त्यासाठी जगात माहीत आहे, बिरबल साहनींनी तिथल्या झाडांवर काम केलं.

नागपूरचं टाकळी हे तर सगळ्यात आधीचं. आता शहरातच आलंय ते. १८५० च्या दशकात स्टीफन हिस्लॉप या मिशनरी पाद्र्याने तिथून गोगलगायी, बिया, माशांचे खवले असे ढीगभर जीवाश्म गोळा केले आणि हंटर या सोबत्याबरोबर नागपूरच्या भूगर्भावर लिहिलं. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज ते त्यांच्याच नावाचं. कॉलेजमधे शिकून बाहेर पडलेल्या किती जणांना हा माणूस दगडांसाठी वेडा होता हे माहीत असेल?

आणि मुंबई. वरळीच्या टेकडीत अशाच गाळाच्या थरात इवले इवले बेडूक मिळाले, शेकड्याने, आज त्याला इंडोबॅट्राकस म्हणतात. रिचर्ड ओवेन, ज्याने डायनासोर शब्द घडवला, त्यानेच १८४७ मधे या वरळीच्या बेडकाचं वर्णन केलं. एक कासवही त्याच थरातलं आहे. मुंबईचे हे थर मुख्य लाव्ह्यापेक्षा थोडे नंतरचे, म्हणजे डायनासोर गेल्यानंतरची ती तळी. जिथे आज इमारती आहेत तिथे पाणथळ जागेत बेडूक ओरडत होते आणि जवळपास अजून जमीन धगधगत होती.

तेलंगणात नासकल इथे अशाच थरातून डेक्कनोलेस्टिस नावाचा उंदराएवढा सस्तन प्राणी मिळाला, १९८८ मधे जाहीर झाला, डायनासोरांच्या शेवटच्या, म्हणजे क्रिटेशस काळातला भारतात सापडलेला पहिला सस्तन प्राणी तो. त्याचे दात टाचणीच्या डोक्याएवढे. किलो-किलो माती चाळून धुवून असे दात वेचतात, मला या लोकांबद्दल अपार आदर आहे.

७. पिसदुऱ्याला डायनासोरचं शेण सापडलं म्हणतात, ते खरं का? आणि त्याचा उपयोग काय?

खरं. दगड झालेली विष्ठा, तिला कोप्रोलाइट म्हणतात, पिसदुऱ्याच्या शेतांमधे ती मिळत आलीय. वास वगैरे काही नाही, पूर्ण दगड.

उपयोग विचाराल तर हाडांपेक्षा जास्त. हाडावरून प्राणी कसा दिसायचा ते कळतं, विष्ठेवरून तो काय खायचा ते कळतं. लखनौच्या बिरबल साहनी संस्थेच्या वंदना प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यात काचेसारखे सूक्ष्म कण शोधले जे गवताच्या पेशींमधे तयार होतात, आणि २००५ मधे ते छापून आलं तेव्हा पुस्तकं बदलावी लागली, कारण तोपर्यंत समज असा होता की डायनासोरच्या काळात गवत जवळजवळ नव्हतंच. इथे तर वेगवेगळ्या पाच प्रकारचं गवत निघालं, त्यात भाताच्या आणि बांबूच्या नात्यातलंही. ज्या विदर्भात आज धान लावतात तिथेच डायनासोर भाताच्या दूरच्या नातलगांवर चरत होते.

८. डायनासोर आणि माणूस कधी एकत्र होते का? आणि मॅमथ?

नाही. मधे ६.५ कोटी वर्षांपेक्षा जास्त अंतर आहे, प्रश्न ३ मधला रस्ता आठवा. मॅमथ हा हत्तीचा नातलग, तो तर अगदी अलीकडचा, आणि लोकरी मॅमथ थंड प्रदेशातला, आपल्याकडचा नाही.

पण आपल्याकडच्या माणसांनी जे मोठे प्राणी बघितले ते कमी नव्हते. आजच्या हत्तीपेक्षा उंच असा सरळ सुळ्यांचा हत्ती गोदावरी आणि नर्मदेच्या काठी होता, त्याच्या नावातच नर्मदा आहे. आणि शहामृग! जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटणे आहे, भास्कराचार्यांमुळे आणि पाटणादेवीमुळे आपल्याला माहीत असलेलं. तिथे १९७० च्या दशकात एस. ए. साळी यांच्या उत्खननात शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी आणि एक कोरीव नक्षी केलेला तुकडा मिळाला, साधारण २५ हजार वर्षांपूर्वीचा. २०१७ मधे भारतातल्या अशा जुन्या कवचातून डीएनए काढला तेव्हा तो आफ्रिकेतल्या शहामृगाशी जुळला. खानदेशात शहामृग पळत होते आणि कुणीतरी बसून त्यांच्या अंड्यावर रेघा कोरत होतं.

९. चंद्रपूरचा कोळसा डायनासोर कुजून झालाय का?

नाही, कोळसा झाडांचा होतो, आणि हा कोळसा डायनासोर यायच्या आधीचा आहे, २५ ते २९ कोटी वर्षांपूर्वीचा. ग्लोसॉप्टेरिस नावाची जिभेच्या आकाराच्या पानांची झाडं होती, दलदलीत त्यांची जंगलं होती. त्याच पानांचे ठसे दक्षिण अमेरिका, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, अंटार्क्टिका सगळीकडे मिळतात, कारण तेव्हा हे सगळे खंड भारताला चिकटलेले होते.

आणि त्याच्याही आधी, ३० कोटी वर्षांपूर्वीच्या सुमाराला, चंद्रपूर बर्फाखाली होतं. इरई नदीच्या भागात चुनखडीच्या दगडावर समांतर ओरखडे आहेत, हिमनदी सरकताना तिच्यातल्या दगडधोंड्यांनी खरवडलेले, १८७५ मधेच त्यांची नोंद झालीय. मे महिन्यात ४७ अंशाला चंद्रपूरच्या मुलांना हे सांगितलं की त्यांचा विश्वास बसत नाही, पण खडकावरची रेघ तिथेच आहे.

१०. डायनासोर आपल्या लाव्ह्याने मेले की उल्केने?

लांब उत्तर द्यावं लागेल.

उल्केची बाजू आधी. १९८० मधे लुईस आणि वॉल्टर आल्वारेझ या बापलेकांनी आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी दाखवलं की डायनासोरच्या काळाच्या शेवटी जो मातीचा पातळ थर आहे त्यात इरिडियम नेहमीपेक्षा खूप जास्त आहे. हा धातू जमिनीवर दुर्मिळ, अशनींमधे भरपूर. मग १९९१ मधे मेक्सिकोच्या युकातान भागातलं चिक्शुलूबचं विवर नक्की झालं, जमिनीखाली पुरलेलं, सुमारे १८० किलोमीटर व्यासाचं. म्हणजे येणारा धोंडा दहा-एक किलोमीटरचा. धूळ, काजळी आणि गंधकाने सूर्य झाकला गेला, झाडं वाढणं थांबलं, आणि साखळी वरपर्यंत तुटली. जगातल्या चारातल्या तीन जाती गेल्या.

लाव्ह्याची बाजू अशी की त्याच काळात इथून कार्बन डायऑक्साइड आणि गंधकाचे वायू अफाट प्रमाणात बाहेर पडत होते. आणि २५.२ कोटी वर्षांपूर्वीचा जो सगळ्यात भयंकर विनाश झाला त्यामागे सायबेरियातला असाच लाव्हा होता, त्यामुळे हा आरोप हवेतला नाही.

मग वेळ जुळवायची. २०१९ मधे दोन गटांनी सह्याद्रीच्या घाटांमधून नमुने घेऊन एकाच वेळी निकाल छापले, एकाने युरेनियमची पद्धत वापरली, दुसऱ्याने आरगॉनची. एक म्हणतो विनाशाच्या लगेच आधी मोठा उद्रेक झाला, दुसरा म्हणतो बहुतेक लाव्हा उल्का पडल्यानंतर आला. दोघांचेही नमुने आपल्याच डोंगरातले, दोघांचंही काम चोख, तरी हा फरक.

माझं स्वतःचं मत विचाराल तर मुख्य घाव उल्केचा. कारण कच्छमधे अंजारला लाव्ह्याच्या दोन थरांमधल्या गाळात डायनासोरची हाडं आणि अंड्यांची कवचं मिळतात. म्हणजे लाव्हा सुरू झाल्यावरही ते त्याच प्रदेशात जगत होते, अंडी घालत होते. लाव्ह्याने हवामान बिघडवून त्यांना अशक्त केलं असेल, हे मी मानते, पण भट्टीच्या तोंडाशी राहणारे प्राणीसुद्धा तग धरून होते हे विसरून चालत नाही.

११. मग ती उल्का म्हणजे लोणारची का? आणि मुंबईजवळ समुद्रात मोठं विवर आहे म्हणतात ते?

लोणार नाही. सोपी खूण सांगते: लोणारचा खड्डा बेसॉल्टमधे पडलाय. आधी लाव्हा यायला हवा, थंड होऊन दगड व्हायला हवा, मगच त्यात खड्डा. खड्ड्याचा व्यास १.८ किलोमीटर, आणि आरगॉनच्या पद्धतीने काढलेलं वय साधारण ५ लाख ७० हजार वर्षं. त्याआधी ५० हजारांच्या आसपासचं वय सांगितलं जायचं, जुन्या पुस्तकांत तेच असतं. बेसॉल्टमधे पडलेलं इतकं नीट टिकलेलं विवर जगात फार कमी, त्यामुळे लोणारचं महत्त्व डायनासोरशिवायही खूप मोठं आहे.

मुंबईच्या पश्चिमेला समुद्राखाली "शिवा" नावाचं प्रचंड विवर आहे ही कल्पना शंकर चटर्जी यांनी मांडली. बहुतेक भूवैज्ञानिकांना ती पटलेली नाही, ती रचना अशनीपाताची आहे असा पक्का पुरावा मिळालेला नाही.

१२. भारत तेव्हा बेट होता म्हणता, मग इथले प्राणी आले कुठून?

गोंडवन या मोठ्या खंडातून वारसा घेऊन आले. मादागास्कर आपल्यापासून साधारण ८.८ कोटी वर्षांपूर्वी सुटला, सेशेल्स बेटं आपल्या लाव्ह्याच्या काळाच्या आसपास सुटली, आणि मग भारत एकटाच वर्षाला पंधरा-एक सेंटीमीटरच्या वेगाने निघाला, साधारण ५ कोटी वर्षांपूर्वी आशियाला धडकला. आजचा वेग त्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढा.

नाती त्यामुळे समुद्रापार आहेत. गुजरातमधे बालासिनोरजवळ रय्योलीला मिळालेला राजासॉरस हा मांसाहारी डायनासोर, डोक्यावर एक बुटकं शिंग, २००३ मधे नाव मिळालं, त्याचा जवळचा नातलग मादागास्करमधे. आणि जिवंत उदाहरण हवं असेल तर पश्चिम घाटाच्या दक्षिण टोकाला जमिनीखाली राहणारा जांभळा बेडूक, नासिकाबॅट्राकस सह्याद्रेन्सिस, तोही २००३ मधे जाहीर झाला. नाव नाशिकवरून नाही, संस्कृत नासिका म्हणजे नाक. त्याचे सगळ्यात जवळचे नातलग सेशेल्समधे, कारण दोघांचे पूर्वज एकाच जमिनीवर होते.

१३. पक्षी म्हणजे डायनासोर असं मुलगा म्हणतो. खरं का?

खरं आहे, मुलाला शाबासकी द्या. पक्षी हे मांसाहारी डायनासोरांच्या एका शाखेतूनच आलेत, पिसं आधी डायनासोरांना होती. म्हणून काटेकोरपणे बोलायचं तर "पक्षी सोडून बाकीचे डायनासोर" ६.६ कोटी वर्षांपूर्वी संपले. या पानावर मी प्रत्येक ठिकाणी ते शेपूट लावलेलं नाही.

मगर, कासव, पाल मात्र डायनासोर नाहीत, ते वेगळ्या शाखांचे.

१४. ट्रेकला गोल दगड सापडला, कांद्यासारखे थर सुटतात. अंडं आहे ना?

नाही हो. मला येणाऱ्या फोटोंमधले बहुतेक याच प्रकारचे. बेसॉल्टला भेगा पडतात, त्यात पाणी शिरतं, कोपरे आधी कुजतात, आणि चौकोनी तुकड्याचा गोळा होत जातो, बाहेरून पापुद्रे सुटतात. रस्त्याच्या प्रत्येक कापलेल्या कडेला, मुरमाच्या प्रत्येक खाणीत हे दिसतं.

दुसरा नंबर पोकळ गोट्यांचा, फोडला की आत स्फटिक. ते लाव्ह्यातल्या वायूच्या बुडबुड्यांत नंतर भरलेलं खनिज, गारगोटी नाहीतर झिओलाइट. तिसरा म्हणजे दगडावर नेच्यासारखी काळी नक्षी, ती मँगनीजची, झाडाचा ठसा नाही, पाण्याबरोबर फटीत शिरून तशी फांद्या फुटल्यासारखी वाढते.

खरं अंडं कसं? आपल्याकडची बहुतेक १५ ते २० सेंटीमीटरची, फुटबॉलपेक्षा लहान, आणि मुख्य म्हणजे त्याला काही मिलिमीटर जाडीचं एकच कवच असतं, भिंगाखाली त्यावर बारीक पुरळ आणि छिद्रं दिसतात. कांद्यासारखे दहा थर नसतात. आणि ती लाव्ह्याच्या खालच्या लमेटा नावाच्या थरात मिळतात, जबलपूरच्या लमेटा घाटावरून हे नाव. मध्य प्रदेशच्या धार जिल्ह्यातून २०२३ मधे ९२ घरट्यांची आणि २५६ अंड्यांची नोंद छापून आली. त्याच जिल्ह्यात काही गावांत असे गोल दगड लोक शेताचा राखणदार म्हणून पिढ्यानपिढ्या पूजत आले होते अशी बातमीही आली. त्या लोकांनीच ते सांभाळले, फोडले नाहीत, हे मला महत्त्वाचं वाटतं.

गुजरातमधल्या एका घरट्यात तर अंड्याभोवती वेटोळं घातलेला साडेतीन मीटरचा साप आणि शेजारी नुकतंच बाहेर आलेलं पिल्लू, सगळं एकत्र गाडलं गेलेलं आहे. भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या धनंजय मोहबे यांनी १९८० च्या दशकात ते काढलं, आत साप आहे हे नंतर ओळखू आलं आणि २०१० मधे त्याला सनाजेह हे नाव मिळालं.

१५. देव्हाऱ्यातला शाळिग्राम जीवाश्म असतो का?

गंडकी नदीतला खरा शाळिग्राम, ज्याच्या आत चक्र दिसतं, तो हो. ते चक्र म्हणजे अमोनाइट नावाच्या समुद्री प्राण्याचं कवच, आजच्या माकुळांच्या, म्हणजे स्क्विडच्या, लांबच्या नात्यातला. हिमालयाच्या जागी आधी टेथिस समुद्र होता, भारत आशियाला धडकला (प्रश्न १२) आणि त्या समुद्राचा तळ वर उचलला गेला, तिथून नदीने गोटे खाली आणले. डायनासोरच्याच काळातला तो प्राणी. माझ्या आजीच्या देव्हाऱ्यात होता, तिला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मग त्याला आता रोज पाणी घालतो ते बरंच आहे, समुद्रातला ना तो."

१६. शास्त्रज्ञ सारखं मत बदलतात, मग विश्वास कसा ठेवायचा?

भीमबेटकाचं उदाहरण घ्या. २०२१ मधे तिथल्या गुहेच्या छतावर डिकिन्सोनिया हा ५५ कोटी वर्षांपूर्वीचा अतिप्राचीन प्राणी सापडल्याचं छापून आलं, सगळ्या पेपरांत फोटो. दोनेक वर्षांत दुसरे संशोधक तिथे गेले, बघतात तर तो भाग पडायला आलेला, ते मधमाश्यांच्या जुन्या पोळ्याचे अवशेष होते. मूळ दावा करणाऱ्यानेही चूक मान्य केली.

लोकांना यात फजिती दिसते, मला उलट वाटतं. कुणीतरी परत जाऊन बघितलं आणि पहिल्याने ऐकलं. फक्त पहिली बातमी ज्यांनी मोठी छापली त्यांनी दुसरी तेवढी मोठी छापली नाही, म्हणून तो "जीवाश्म" अजून फॉरवर्ड होत फिरतो.

१७. डीएनए काढून डायनासोर परत आणता येईल का?

नाही. आजवर मिळालेला सगळ्यात जुना डीएनए ग्रीनलँडच्या गोठलेल्या मातीतला, सुमारे २० लाख वर्षांचा, तोही तुकड्या-तुकड्यांत. ६.६ कोटी वर्षं तो टिकत नाही.

१८. मला खरंच काही सापडलं तर काय करू?

उचलू नका, हे पहिलं. जीवाश्म कुठल्या थरात, कुठल्या बाजूने, कशाच्या शेजारी होता यातच निम्मी माहिती असते, घरी आणून शोकेसमधे ठेवला की तो नुसता दगड. शेजारी पेन किंवा नाणं ठेवून फोटो काढा, एक जवळून आणि एक लांबून, मोबाइलवर लोकेशन सेव्ह करा, आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या ऑफिसला कळवा, मध्य विभागाचं मुख्य ऑफिस नागपूरलाच आहे. जवळच्या कॉलेजचा जिऑलॉजी विभागही चालेल. पाणी, ॲसिड, ब्रश काही लावू नका.

पिसदुऱ्यासारख्या ठिकाणी लोक पिशव्या भरून दगड घेऊन जातात, काही जण विकतातही. कृपा करून विकत घेऊ नका. मी स्वतः पहिल्यांदा गेले तेव्हा आणि दहा वर्षांनी गेले तेव्हा त्याच शेतात बघायला मिळण्यात जमीनअस्मानाचा फरक होता.

१९. मुलांना हे प्रत्यक्ष कुठे दाखवू?

वडधमचं जीवाश्म उद्यान सिरोंच्याला आहे, लांब आहे पण आपलं आहे, आणि वाटेत जंगल. बालासिनोरजवळ रय्योलीला २०१९ पासून डायनासोर म्युझियम आहे, अंडी जमिनीतच बघायला मिळतात. मध्य प्रदेशात दिंडोरीजवळ घुघुवाचं जीवाश्म उद्यान, दगड झालेल्या ताडांचं आणि झाडांचं. सांगाडाच बघायचा असेल तर बारापासॉरस कोलकात्याला इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमधे उभा आहे आणि त्याच्याच थरातला कोटासॉरस हैदराबादला बिर्ला सायन्स म्युझियममधे, विदर्भातून हे दुसरं जवळ पडतं.

आणि एवढं जमत नसेल तर पुढच्या वेळी घाटातून जाताना कुठेतरी सुरक्षित जागा बघून गाडी थांबवा आणि तो लाल पट्टा दाखवा. पावसाळा संपल्यावर, गवत वाळलं की जास्त चांगला दिसतो.